पिठाचे कपडे

डिचोलीच्या बाजारात उल्हासची गिरण.
संध्याकाळी घरी येतो तेव्हा
भुवया पांढऱ्या, कानाच्या पाळ्या पांढऱ्या,
आणि पालवी धावत जाऊन त्याच्या मांडीला
मिठी मारायची.
मारायची, म्हणजे सात वर्षांची होईपर्यंत.

आता तो आधी मागल्या दारी जातो.
सदरा बादलीत, पँट बादलीत,
विहिरीवर दोन कळशा डोक्यावरून.
ती पायरीवर बसून तपासते:
"बाबा, कान राहिले."

बांबोळीला डॉक्टरांनी कागदावर आतडं काढलं होतं.
आतून मखमलीसारखं असतं, म्हणाले,
हिचं झिजलेल्या पायपुसण्यासारखं झालंय.
कशानं?
गव्हानं.
उल्हास आपल्या हातांकडे बघत राहिला.
नखांत होतंच थोडं.

किती पोटात गेलं तर बाधतं?
हिंगाच्या डबीत असतं, एवढंसंही.
हिंगात गहू!
चौदा वर्षं मी न वाचता फोडणी देत आले.
आता दुकानात चष्मा चढवते,
शेंगदाण्यांचं पाकीट, आइस्क्रीमचा कप,
खोकल्याच्या औषधाची बाटलीसुद्धा उलटी करून वाचते,
मागे रांग खोळंबते.
बांगडा तांदळाच्या पिठात घोळवते.
रव्यासारखा कुरकुरीत होत नाही, हे खरं.
निहाल तोंड वाकडं करतो आणि दोन खातो.
त्याचा रिपोर्ट साफ आला.

माझा नाही आला.

घरातल्या सगळ्यांचं तपासा म्हणाले, म्हणून रक्त दिलं होतं.
मला वाटायचं बायका अशाच असतात,
कपडे वाळत घालता घालता
दोरीलाच धरून उभ्या राहतात,
लोहाच्या गोळ्या खातात, पुन्हा पांढऱ्या पडतात.
आई म्हणायची, तुझ्या अंगी लागतच नाही काही.
अगदी खरं म्हणायची.
पालवीची लांब बोटं बघून
माझ्यावर गेलीय म्हणून मी मिरवलं होतं.
तेव्हा एवढंच दिसलं होतं.

नणंदेकडे सत्यनारायण होता.
शिऱ्याची मूद, तुपानं चमकणारी.
"देवाचा प्रसाद कधी बाधतो का गो?"
पालवीनं हात जोडले, पुढे केले नाहीत.
मी म्हटलं, आम्हां दोघींना केळं द्या.
केळ्याला शिरा चिकटलेला होता.
तेही ठेवलं.
रिक्षात ती बोलली नाही, मीही नाही.
घरी सकाळची पेज होती, उकड्या तांदळाची,
आणि बरणीतलं खारातलं तोर.
पेजेला लेबल नसतं.
तिनं तीन वाट्या प्यायल्या, मग रडली.

उल्हासनं म्हापशाहून एक लहान, जुनी चक्की आणली.
दगड नवे घातले. ओसरीवर मांडली, गिरणीत नाही.
रविवारी, आंघोळ करून,
देवपूजेला बसल्यासारखा तो तिच्यासमोर बसतो:
आधी तांदूळ, मग नाचणी.
शेजारची एस्पेरान्स एकदा डबा घेऊन आली,
किलोभरच गहू, गिरण बंद आहे ना आज.
उभ्या जन्मात पहिल्यांदा त्यानं गिऱ्हाईक परतवलं.
तिला वाईट वाटलं असणार.
चतुर्थीला तिच्याकडे पातोळ्या पाठवल्या, हळदीच्या पानांतल्या.
डबा परत आला तो रिकामाच, पण घासून, उकळून, कागदात गुंडाळून.

आणि कायतान पोदेर.
त्याला कुणीतरी सांगितलं असावं.
आमच्या वळणावर आला की भोंगा वाजवायचा थांबला,
सायकल नुसती करकरत जायची.
महिनाभर पालवीनं ऐकून घेतलं.
मग एक दिवस फाटकात उभी राहिली:
"वाजवा ना. टिपूला पाव लागतो."
टिपू म्हणजे कुत्रा. त्याचा रिपोर्ट कुणी काढलेला नाही.

आता रोज पाच रुपये, एक पाव.
कागदात धरून ती आवाठाच्या टोकापर्यंत नेते,
लांबून टाकते.
कुत्रा खातो तेवढा वेळ उभी राहून बघते,
भाजलेल्या कवचाचा तुकडा कुठून तुटतो, आत पांढरं कसं असतं.
मग येऊन साबणानं हात धुते,
कोपरापर्यंत,
बापासारखे.